एकच पाणी, चार दगड : कातळावरच्या जिवाणूंचा अभ्यास करायची रीत

महाबळेश्वरात वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर दहिवडी आहे, तिथे जेमतेम पाचशेच्या आसपास. पाऊस दहा पटींनी कमी होतो, पण पायाखालचा खडक तोच राहतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून झालेला हा काळा पाषाण. उंच पठारांच्या माथ्यावर त्याचाच झिजून झालेला जांभा. दगडाच्या पृष्ठभागावर जिवाणू वस्ती कशी करतात हे शिकायला सातारा जिल्ह्यासारखी सोयीची जागा शोधून सापडणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

शाळेतले विज्ञानशिक्षक, बीएस्सीचे विद्यार्थी आणि हाताने काही करून पाहायची हौस असलेला कोणीही, अशा सगळ्यांसाठी ही कृती लिहिली आहे. काही भागाला फक्त भिंग पुरते, काही भागासाठी जवळच्या कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी विभागाची मदत लागेल. शिस्त मात्र सगळीकडे एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दगड तोच ठेवून पाणी बदला, किंवा पाणी तेच ठेवून दगड बदला. दोन्ही एकदम बदलले तर हाती आलेल्या आकड्याला अर्थ उरत नाही.

दगड कुठला घ्यायचा, कुठला नाही

कास पठारावरून काहीही उचलायचे नाही, एक खडासुद्धा. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे, आणि तिथल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट माथ्यावर, जांभ्याला चिकटून असलेला जेमतेम थर हाच तिथल्या फुलांचा आधार आहे. किल्ले, लेणी, जुनी मंदिरे, घाट यांच्या दगडाला खरवडणे तर सोडाच, ब्रशही लावायचा नाही. तिथे फक्त डोळा आणि कॅमेरा.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. मंदिराचा काळवंडलेला दगड उजळावा म्हणून गावोगाव अ‍ॅसिड ओततात किंवा तारेच्या ब्रशाने घासतात. जिवाणूंचा थर दगडाच्या कणांत रुतलेला असतो, त्यामुळे तो निघताना दगडाचे कणही घेऊन निघतो. शिवाय अ‍ॅसिडने पृष्ठभाग खडबडीत होतो आणि नव्या वस्तीला आणखी कपारी मिळतात. दगड पूर्वीपेक्षा लवकर काळा पडतो, आणि नक्षी मात्र कायमची बोथट होते.

नमुन्यासाठी शेताच्या बांधावरचे दगड, खडी क्रशरचा टाकाऊ माल, बांधकामावरचे जांभ्याचे तुकडे, आपल्या विहिरीच्या काठचे धोंडे भरपूर आहेत. मालकाला विचारून घ्या.

पहिली पायरी : डोळ्यांनी ओळख

दहापट मोठे दाखवणारे भिंग, पाण्याची फवारणी करायची बाटली आणि मोबाइल एवढे घ्या. एखाद्या जुन्या दगडी विहिरीत डोकावा. साताऱ्याजवळ लिंब गावातली अठराव्या शतकातली बारा मोटांची विहीर यासाठी उत्तम आहे, कारण तिथे दगड एकच आणि वरून खाली ओलावा बदलत जातो. म्हणजे दगड तोच ठेवून पाणी बदलायची आपली मांडणी कोणीतरी तीनशे वर्षांपूर्वी करून ठेवली आहे. कठड्यापासून पाण्यापर्यंतचे पट्टे मोजा, मोजपट्टी धरून फोटो काढा, आणि दर महिन्याला त्याच जागेवरून तोच फोटो काढत राहा. कडक उन्हाळा आणि श्रावण यांच्यातला फरक या फोटोंत आपोआप दिसेल.

दगडावर जे दिसते ते सगळे जिवाणूंचे नसते. राखाडी, पोपटी, कागदासारख्या कडा वर आलेले गोल पट्टे म्हणजे दगडफूल. गोड्या मसाल्यात आपण घालतो त्याच गोतावळ्यातले. बुरशी आणि शेवाळ (किंवा निळे-हिरवे जिवाणू) यांचा तो एकत्र संसार असतो. मऊ गादीसारखे हिरवे असेल तर ते हरिता, म्हणजे मॉस. जिवाणूंची वस्ती बहुधा यांच्या आधी येते आणि यांच्या खालीही असते. ती दिसते काळ्या किंवा तपकिरी डागांत, ओल्या जागी बुळबुळीत पातळ थरात, नाहीतर दिसतच नाही.

भिंतीवरून ओघळलेले काळे पट्टे पुष्कळदा निळ्या-हिरव्या जिवाणूंचे असतात. ग्लिओकॅप्सा, सायटोनिमा ही त्यांतली नेहमीची नावे. उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचण्यासाठी सायटोनिमासारखे जिवाणू आपल्या आवरणात गडद रंगद्रव्य साठवतात. काळेपणा येतो तो त्यातून. पण काजळी, तेल, मँगनीजचे खनिज यांनीही दगड काळा होतो. म्हणून (जुन्या वास्तूंवर नव्हे, आपल्याकडच्या दगडावर) डागावर पाणी फवारा आणि दहा मिनिटे थांबा. जिवाणूंचा थर पाणी पिऊन फुगतो, बोटाला बुळबुळीत लागतो, कधी हिरवट झाक दाखवतो. दगडफूल तर बघता बघता हिरवे होते. काजळी आणि खनिज आहे तसेच राहतात.

दुसरी पायरी : उकडलेला आणि न उकडलेला

औषधाच्या दुकानात हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. बाटलीवर सहा टक्के लिहिले असेल तर तितकेच पाणी मिसळून तीन टक्के करा. दगडाच्या तुकड्यावर दोन थेंब टाका. हवेत जगणाऱ्या बहुतेक जिवाणूंकडे कॅटालेज नावाचे विकर असते. ते पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करून टाकते आणि फेस येतो.

इथेच बहुतेक जण थांबतात आणि चुकीचा निष्कर्ष काढतात, कारण मँगनीजच्या ऑक्साइडवरही तसाच जोरदार फेस येतो. आपल्या काळ्या पाषाणाच्या भेगांत त्याचे काळे लेप सापडतात. मग दगड जिवंत की खनिज, हे कळायचे कसे?

तुकड्याचे दोन भाग करा. एक भाग प्रेशर कुकरमध्ये पूर्ण दाबाने वीस मिनिटे ठेवा, थंड होऊ द्या. आता दोन्हींवर पेरॉक्साइड टाका. विकर उष्णतेने निकामी होते, खनिज होत नाही. दोन्ही भागांवर सारखाच फेस आला तर खनिजाचे काम. न उकडलेल्यावर भरपूर आणि उकडलेल्यावर नावापुरता आला तर तिथे सजीव आहेत किंवा नुकतेच होते. जिवाणू, बुरशी की किड्याची विष्ठा, हे मात्र ही चाचणी सांगत नाही. तरी आठवीच्या वर्गात तुलनेचा नमुना म्हणजे काय हे शिकवायला मला याहून चांगला प्रयोग माहीत नाही.

कुकर स्वयंपाकघरातला नको. या कामासाठी जुना, वेगळा ठेवा.

तिसरी पायरी : माळावरच्या गारगोट्या

माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या पट्ट्यात ओसाड माळावर पांढऱ्या गारगोट्या विखुरलेल्या असतात. त्यांतल्या उजेड आरपार जाऊ देणाऱ्या, अर्ध्या मातीत रुतलेल्या गारगोट्या निवडा. जगभरच्या वाळवंटांत अशा दगडांच्या पोटाखाली निळ्या-हिरव्या जिवाणूंचा हिरवा पट्टा सापडतो. क्रूकॉक्सिडिऑप्सिस हा त्यांतला नामांकित. वरून जाळणारे ऊन दगड गाळून मंद करतो, आणि खाली दवाचा, पावसाचा ओलावा माळापेक्षा जास्त काळ टिकतो. जिवाणूंना अन्न करायला लागणारा उजेड आणि पाणी, दोन्ही दगडाखालीच मिळतात.

आधी काठीने दगड हलवा. खाली विंचू किंवा फुरसे असू शकते, थेट हात घालू नका. दगड उलटा करून मातीच्या रेषेच्या लगेच खाली पाहा, भिंगातून. हिरवी झाक आहे की नाही एवढेच लिहायचे, आणि दगड होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवायचा. उलटा ठेवलात तर खालची वस्ती उन्हाने मरेल.

शंभर पावलांच्या एका चौकोनात पन्नास गारगोट्या पाहा आणि त्याच चौकोनातले, साधारण त्याच मापाचे पन्नास काळे दगडही पाहा. काळ्यातून उजेड जात नाही. म्हणजे माती, पाऊस, ऊन सगळे तेच आणि बदलला फक्त दगड. मग हीच मोजणी पावसाचे मान वेगळे असलेल्या दुसऱ्या तालुक्यात करा, म्हणजे दगड तोच आणि पाणी वेगळे. ना पेट्री डिश लागते, ना सूक्ष्मदर्शक. शाळांना मी हाच प्रयोग सगळ्यांत आधी सुचवेन. हिरवे एकही सापडले नाही तरी तो आकडा तितकाच मोलाचा. शून्य लिहून ठेवा.

चौथी पायरी : पाण्यात टांगलेले दगड

आता मुख्य काम. एकाच पाण्यात चार वेगवेगळे पृष्ठभाग टांगायचे आणि कोणावर किती वस्ती होते ते पाहायचे: काळा पाषाण, जांभा, गारगोटी आणि सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी.

हे चारच का? काळ्या पाषाणात लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम आहे, आणि अ‍ॅपेटाइट या खनिजाच्या बारीक स्फटिकांत स्फुरदही (फॉस्फरस) आहे. त्याची पूड करून चुंबक फिरवला तर काही कण चिकटतात, ते लोहाच्या ऑक्साइडचे. जांभा म्हणजे त्याच पाषाणातली सिलिका आणि क्षार लाखो पावसाळ्यांनी धुऊन नेल्यावर मागे उरलेले लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. त्यात स्फुरद असला तरी लोहाने घट्ट धरून ठेवलेला असतो. गारगोटी जवळजवळ निव्वळ सिलिका, खाण्यासारखे काही नाही. काच गुळगुळीत आणि थेट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येणारी. पाण्यात स्फुरद कमी असेल तेव्हा जिवाणू तो ज्या खनिजात आहे त्यावर जास्त दाटीने बसतात, असे फेल्डस्पार या खनिजावर झालेल्या प्रयोगांत दिसले आहे. आपल्या विहिरीच्या पाण्यात तसे होते का, हा आपला प्रश्न.

दगडांचे तुकडे तीन सेंटिमीटर बाय तीन सेंटिमीटर, जाडी साधारण एक सेंटिमीटर. फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीच्या कटरवर हे सहज निघतात. खडबडीत पृष्ठभागावर जिवाणू जास्त टिकतात, म्हणून सगळे तुकडे एकाच नंबरच्या पॉलिश पेपरने सारखे घासा. जांभा सच्छिद्रच राहणार, त्याला इलाज नाही. निष्कर्ष काढताना ते ध्यानात ठेवा. प्रत्येक प्रकारचे आठ तुकडे करा: तीन तुकडे एका आठवड्याने काढायला, तीन तुकडे चार आठवड्यांनी काढायला, दोन तुलनेसाठी. साबण न लावता स्वच्छ पाण्यात घासून धुवा, वाळवा, अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून कुकरमध्ये पूर्ण दाबाने अर्धा तास ठेवा. नुसते उकळून भागत नाही. बॅसिलस गटाचे जिवाणू बीजाणू करतात आणि ते उकळत्या पाण्यातही तगतात. दाबाखाली पाणी १२१ अंशांपर्यंत तापते तेव्हाच ते मरतात.

तुलनेचे दोन तुकडे निर्जंतुक केलेल्या त्याच विहिरीच्या पाण्यात, बंद बाटलीत ठेवायचे. त्यांच्यावर जे काही दिसेल ते दगडाचे स्वतःचे, जिवाणूंचे नव्हे.

टांगायला तंगूस घ्या आणि भाजीचा प्लॅस्टिकचा क्रेट. तुकडे उभे टांगा, आडवे ठेवले तर गाळ बसतो आणि आपण जिवाणू सोडून गाळ मोजत बसतो. चारही प्रकार एका ओळीत एकाच खोलीवर, पाण्याखाली वीतभर. उजेडात शेवाळ इतके माजते की जिवाणू त्याखाली दडतात. म्हणून एक संच उघडा आणि एक संच भोके पाडलेल्या जाड पीव्हीसी पाइपात, अंधारात ठेवला तर दोन वेगळ्या वस्त्या पाहायला मिळतील. एकच संच जमत असेल तर अंधारातला करा.

जागा: विहीर, शेततळे किंवा संथ पाट. पावसाळ्यात नदीत काही टांगू नका. सांगलीकडे कृष्णेत मगरी आहेत, काठावर एकट्याने उतरणे बरे नव्हे. नदीचेच पाणी हवे असेल तर उपसा योजनेचा पाट पाहा. टेंभू योजनेतून कृष्णेचे पाणी आटपाडीपर्यंत जाते, म्हणजे तेच पाणी कोरड्या पट्ट्यातही मिळते. पाटबंधारे खात्याला विचारून, पाण्याच्या वेळा समजून घेऊन.

पाण्यात पडल्यापडल्या काही मिनिटांत दगडावर सेंद्रिय रेणूंचा अदृश्य पापुद्रा जमतो. काही तासांत पहिले जिवाणू टेकतात, आणि पुष्कळसे परत सुटूनही जातात. जे टिकतात ते स्वतःभोवती चिकट शर्करांचे जाळे विणतात. मग सुटणे अवघड. दिवस-दोन दिवसांत लहान लहान पुंजके, आठवड्यात एकमेकांना भिडलेले पुंजके, आणि तीन-चार आठवड्यांत आतून पाणी वाहायला वाटा असलेला, बऱ्याच जातींनी मिळून बांधलेला थर. यालाच बायोफिल्म म्हणतात. घाटाच्या शेवटच्या पायरीवर पाय घसरतो तो यावरूनच.

हे घडताना पाहायचे असेल तर काचपट्ट्या थोड्या जास्त टांगा आणि पहिल्या, तिसऱ्या, सातव्या दिवशी एकेक काढा. एक बाजू पुसून टाका. दुसरी हवेत वाळवा, स्पिरिटच्या दिव्यावरून तीनदा झटकन फिरवा, क्रिस्टल व्हायोलेटचे थेंब एक मिनिट ठेवा, हलक्या धारेने धुवा. चारशेपट मोठे करून ठिपके-काड्या कळतात. हजारपट आणि ऑइल भिंगाने त्यांचे आकार नीट दिसतात. पहिल्या दिवसाची विखुरलेली ठिपक्यांची पट्टी आणि सातव्या दिवसाची दाट पट्टी शेजारी ठेवली की पुस्तकातले चार परिच्छेद एका नजरेत कळतात.

पाचवी पायरी : थर सोडवणे आणि मोजणे

दगडाचा तुकडाही क्रिस्टल व्हायोलेटमध्ये बुडवून किती जांभळा होतो ते पाहता येईल, असे वाटते. काचेवर आणि गारगोटीवर हे चालते. जांभ्यावर नाही. जांभ्यात चिकणमातीची खनिजे असतात आणि ती हा रंग जिवाणूंशिवायही शोषतात. तुलनेचा निर्जंतुक तुकडा रंगवून पाहा, तोही गडद जांभळा निघेल. म्हणून दगडांसाठी घासून सोडवणे आणि वाढवून मोजणे हीच रीत धरा.

तुकडा निर्जंतुक चिमट्याने धरून सलाइनमध्ये एकदाच हलकेच बुडवा, सैल चिकटलेला गाळ निघून जाईल. सलाइन औषधाच्या दुकानात निर्जंतुक मिळते, ०.९ टक्क्यांचे. मग दहा मिलिलिटर ताज्या सलाइनमध्ये तुकड्याची एकच बाजू निर्जंतुक टूथब्रशने मिनिटभर घासा. सगळे तुकडे एकाच माणसाने घासावेत, हाताचा जोर बदलला की आकडे बदलतात. हे काम तुकडा काढल्याच्या दिवशीच उरका. वेळ लागणार असेल तर बर्फाच्या डब्यात ठेवा.

गढूळ झालेले एक मिलिलिटर नऊ मिलिलिटर सलाइनमध्ये घाला, नीट हलवा, त्यातले एक परत नऊमध्ये. दर वेळी दहापट पातळ. मोजायला सुई काढलेली सिरिंज चालते, दर पायरीला नवी.

हा पातळ द्राव पेट्री डिशमधल्या जिवाणूंच्या खाद्यावर पसरायचा आहे. त्या खाद्याबद्दल एक महत्त्वाची सूचना. दगडावरचे जिवाणू उपासमारीला सरावलेले असतात. पूर्ण ताकदीच्या न्यूट्रिएंट अगरवर, म्हणजे जेलीसारख्या घट्ट खाद्यावर, त्यांतले थोडेच वाढतात, आणि जे भराभर वाढतात ते बाकीच्यांना झाकून टाकतात. म्हणून दहाव्या हिश्श्याचे करा. बाजारातली न्यूट्रिएंट अगरची तयार पूड बहुधा लिटरला २८ ग्रॅम घ्यायची असते, त्यातले १५ ग्रॅम अगर. तुम्ही पूड २.८ ग्रॅम घ्या. त्यात अगर दीडच ग्रॅम येईल आणि पेट्री डिश घट्ट होणार नाही, म्हणून साधे अगर १३.५ ग्रॅम वरून घाला. अर्धा लिटर केले तर पंचवीसेक डिश भरतात. कुकरमध्ये वीस मिनिटे, मग बाटली हाताला सोसवेल इतकी निवली की दिव्याजवळ ओता.

प्रत्येक डिशवर ०.१ मिलिलिटर पसरा, झाकण टेपने बंद करा, उलटी करून खोलीच्या तपमानावर ठेवा. ३७ अंशांच्या पेटीत ठेवू नका. दगडावरच्या जिवाणूंना ते नको असते, आणि माणसाच्या अंगात रोग करणाऱ्यांना नेमके तेच हवे असते. तिसऱ्या दिवशी मोजा आणि सातव्या दिवशी परत मोजा. दोन दिवसांत मोजून डिश टाकायची सवय इथे घातक आहे, कारण स्ट्रेप्टोमायसिससारखे सावकाश वाढणारे त्यानंतर उगवतात. त्यांच्या वसाहती, म्हणजे डिशवर उगवलेले ठिपके, कोरड्या, खडूसारख्या दिसतात. पहिल्या पावसात मातीला येणारा वास पुष्कळसा यांच्यामुळेच. उन्हातल्या दगडावरून पिवळ्या, केशरी, गुलाबी वसाहतीही बऱ्याच येतात, ती रंगद्रव्ये त्यांना उन्हापासून राखतात. डिश उघडून वास घ्यायचा मोह टाळा.

तीस ते तीनशे वसाहती असलेलीच डिश मोजणीला घ्या. समजा शंभरपट पातळ केलेल्या द्रावाच्या ०.१ मिलिलिटरमधून ५४ वसाहती आल्या. एका मिलिलिटरला ५४०. मूळ द्रावात शंभरपट, म्हणजे ५४,०००. दहा मिलिलिटरमध्ये ५,४०,०००. बाजूचे क्षेत्रफळ नऊ चौरस सेंटिमीटर, तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला ६०,०००.

तीन तुकड्यांचे तीन आकडे वेगवेगळे येतील. सरासरीसोबत तिन्ही आकडे लिहा. पाषाणाचा सर्वांत कमी आकडा गारगोटीच्या सर्वांत जास्त आकड्यापेक्षा मोठा असेल तर फरक गांभीर्याने घ्या. आकडे एकमेकांत मिसळत असतील तर फरक दिसला नाही असे सरळ लिहा. शिवाय दगडावर प्रत्यक्षात असलेल्या जिवाणूंपैकी डिशवर उगवणारे बहुधा एक टक्काही नसतात. म्हणून “दगडावर इतके जिवाणू आहेत” असे म्हणू नये, “या खाद्यावर इतके वाढले” एवढेच म्हणावे. दगडादगडांतली तुलना मात्र त्याने खोटी ठरत नाही.

सहावी पायरी : स्फुरद कोण सोडवतो?

पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, हे नाव ऊसपट्ट्यातल्या शेतकऱ्याला नवे नाही. जिवाणू खत म्हणून त्याची पाकिटे, बाटल्या मिळतात. दगडावर हेच काम कोणी पेरल्याशिवाय चालू असते.

त्यासाठी पिकोव्हस्काया अगर घ्या. १९४८ पासून वापरात असलेले हे खाद्य आहे. त्यात स्फुरद फक्त ट्रायकॅल्शियम फॉस्फेटच्या रूपात असतो, पाण्यात न विरघळणारा, म्हणून डिश दुधाळ दिसते. आधीच्या डिशवरच्या वेगवेगळ्या दिसणाऱ्या वसाहतींतून तारेच्या टोकाने थोडे थोडे घेऊन यावर टोचा. जो जिवाणू ग्लुकोनिकसारखी आम्ले सोडतो त्याच्याभोवती तीन ते सात दिवसांत स्वच्छ काचेसारखे वलय पडते. वलयाचा व्यास आणि वसाहतीचा व्यास दोन्ही मोजा, त्यांचे गुणोत्तर लिहा.

पाषाणावरून आलेल्या वसाहतींत वलय करणाऱ्यांचे प्रमाण किती, गारगोटीवरून आलेल्यांत किती? माझ्या मते सगळ्या प्रयोगातला हा सर्वांत चविष्ट प्रश्न आहे. वस्ती किती झाली याच्या पुढे जाऊन वस्तीत कोण आले, हे तो विचारतो.

चांगले वलय देणारा जिवाणू सापडला म्हणून तो पिंपात वाढवून शेतात सोडू नका. तो कोण आहे, पिकाला किंवा माणसाला अपायकारक आहे का, हे ओळख पटल्याशिवाय कळत नाही. कृषी महाविद्यालयाला किंवा विद्यापीठाच्या विभागाला दाखवा.

काम संपल्यावर प्रत्येक डिश न उघडता पिशवीत घालून कुकरमध्ये पूर्ण दाबाने अर्धा तास, आणि मगच कचऱ्यात.

पावसाळ्यात दिसणारा केशरी गाळ

जांभ्याच्या भागात पावसाळ्यात रस्त्याकडेच्या झऱ्यांत, गटारांत केशरी, कापसासारखा गाळ तरंगतो आणि वर तेलासारखा इंद्रधनुषी तवंग दिसतो. लोक ट्रकचे तेल सांडले समजतात. तवंगाला काडी लावा. तेल असेल तर तवंग फिरून जुळतो. लोहजिवाणूंचा असेल तर पापुद्र्यासारखा तुकडे होऊन फुटतो. गाळाचा थेंब चारशेपट मोठा करून पाहिला तर लेप्टोथ्रिक्सच्या पोकळ नळ्या किंवा गॅलिओनेलाचे पीळ दिलेले देठ दिसतात. विरघळलेल्या लोहाशी ऑक्सिजनचा संयोग घडवून त्यातून गॅलिओनेला आपली ऊर्जा मिळवतो. रंगवायचीसुद्धा गरज नाही. हा नमुना बाटलीत दिवसभरात खराब होतो, म्हणून त्याच दिवशी पाहा.

कोयनेच्या पोटातून शिकण्यासारखे

११ डिसेंबर १९६७ च्या ६.३ तीव्रतेच्या भूकंपामुळे कोयना जगाच्या नकाशावर आली. तिथल्या भूकंपांचा अभ्यास करायला भूविज्ञान मंत्रालयाने कोयना परिसरात खोल वेधनविहिरी (बोअर) घेतल्या. त्यातली एक तीन किलोमीटर खोल आहे, आणि या कामाची प्रयोगशाळा कराडला आहे. वरचा काळा पाषाण ओलांडून वेधन खालच्या, कितीतरी जुन्या ग्रॅनाइटी खडकात गेले. तिथून वर काढलेल्या खडकाच्या गाभ्यांतून आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी जिवाणूंचा डीएनए मिळवला. उजेड नाही, हवा नाही, अन्न अत्यल्प, आणि तरी वस्ती आहे.

अशा कामात सर्वांत मोठी भीती असते ती वरून गेलेल्या जिवाणूंची. वेधनाच्या चिखलातून, यंत्रातून, हातांतून. म्हणून गाभ्याची बाहेरची साल काढून फक्त आतला भाग घेतात, आणि वेधनाचा चिखलही स्वतंत्रपणे तपासतात, म्हणजे त्यात सापडलेले जिवाणू खडकाच्या नावावर जमा होत नाहीत. आपल्या छोट्या प्रयोगातही हेच करायचे. प्रत्येक फेरीत तीन रिकाम्या तपासण्या ठेवा: एक डिश नुसत्या सलाइनची, एक डिश निर्जंतुक ब्रश घासलेल्या सलाइनची, आणि एक डिश कामाच्या जागी दहा मिनिटे उघडी ठेवलेली. पहिल्या दोन डिशवर काही उगवले तर त्या फेरीचे सगळे आकडे बाद. तिसरीवर जे उगवेल ते हवेतले. तशाच रंगरूपाची वसाहत दगडाच्या डिशवर दिसली तर तिच्यावर खूण करा.

पाकिटावर दगडाचा प्रकार, कुठून घेतला, तोंड कोणत्या दिशेला होते, ऊन की सावली, तारीख आणि त्याआधीच्या आठवड्यात पाऊस झाला होता का, एवढे जागेवरच पेन्सिलने लिहा. पेनाची शाई ओलीने पसरते. विहिरीच्या पाण्याचे तपमान टांगताना आणि काढताना घ्या.

पाण्यातला पहिला संच परतीचा पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीला लावा. पाणी निवळलेले असते, पातळी रोज बदलत नाही आणि महाविद्यालयांत प्रयोगशाळा चालू असतात. दुसरा संच त्याच विहिरीत एप्रिलमध्ये, पाणी खोल गेल्यावर. गारगोट्यांची मोजणी मात्र फेब्रुवारीत, सकाळी आठच्या आत उरका, कारण त्या वेळी दगडाखालचा दवाचा ओलावा उडालेला नसतो आणि हिरवा रंग ठळक दिसतो.